जागतिक दृष्टी: अभियांत्रिकीच्या वर्गातली आणि वर्गाबाहेरची

अभियांत्रिकी महाविद्यालयांची माहितीपत्रके हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानला, तर त्याच्या शैलीविशेषांत पहिली नोंद 'ग्लोबल' या विशेषणाची करावी लागेल. ग्लोबल कॅम्पस, ग्लोबल एक्स्पोजर, ग्लोबल करिअर, ग्लोबल सिटिझन. नाम बदलत राहते, विशेषण अढळ असते. त्याचा अर्थ विचारला तर उत्तरे ठरलेली मिळतात: परदेशी विद्यापीठाशी झालेला सामंजस्य करार, जीआरई आणि टोफेलची तयारी, शेवटच्या वर्षी जर्मनीत किंवा सिंगापुरात काही आठवडे, इंग्रजी संभाषणाचा वर्ग आणि परदेशी पाहुण्यांसमवेतचे एक सामूहिक छायाचित्र.

या गोष्टींची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळतो तेव्हा एका घराच्या पुढच्या दोन पिढ्यांचे जगणे पालटते, हे आम्ही पाहिलेले आहे. इंग्रजी ही त्या वाटेवरची चावी आहे आणि ती ज्यांच्या खिशात पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांनी इतरांना मातृभाषेचे महात्म्य ऐकवावे, यात एक प्रकारचा दांभिकपणा असतो. तेव्हा इंग्रजीविरुद्ध मराठी असा जुना आखाडा आम्हांला येथे मांडायचा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या सर्व साधनांनी विद्यार्थ्याला जग गाठता येते. जग दिसते का? स्थळ बदलणे आणि दृष्टी येणे या दोन भिन्न घटना आहेत. एक घडली म्हणजे दुसरी आपोआप घडते, असे माहितीपत्रकांनी गृहीत धरले आहे आणि पालकांनीही.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. अभियांत्रिकीला जाणारे विद्यार्थी त्याआधी दोन वर्षे आमच्या महाविद्यालयांच्या आवारात असतात. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत द्वितीय भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे आहे आणि प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले बहुतेक पालक अर्जावर तोच पर्याय भरतात. आयटीला गुण पडतात, मराठीला पडत नाहीत, एवढा त्यामागचा हिशेब. परिणाम असा, की उद्याचा अभियंता मराठीतला शेवटचा सलग गद्य उतारा पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचतो. त्यानंतर तो धरणे, रस्ते, मलनिस्सारण केंद्रे आणि संगणकप्रणाली उभारतो, ज्यांचा वापर करणारी माणसे मराठीतच बोलतात, भांडतात आणि अर्ज लिहितात.

'जागतिक दृष्टी' या शब्दाचा अर्थ आधी निश्चित केला पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकाला तो ठाऊक असायला हरकत नाही, कारण आपल्याकडे हा प्रश्न बराच आधी येऊन गेला आहे. गटेने १८२७ साली विश्वसाहित्याची कल्पना मांडली, रवींद्रनाथांनी १९०७ साली त्याच विषयावर व्याख्यान दिले आणि पुढे देशीवादाच्या चर्चेत नेमाडे यांच्या मांडणीवरून मराठीत जो वाद झाला त्यातही मूळ मुद्दा हाच होता. या सर्व चर्चांतून आम्ही एवढे घेतो: जागतिक दृष्टी ही तुलनेची शक्ती आहे. आपल्या पुढ्यात घडलेली गोष्ट अन्यत्र कशी घडली, तिथे ती कुणी सोसली, कुणी निभावली, हे पाहता येणे म्हणजे ती दृष्टी. तुलनेला दोन बाजू लागतात. ज्याला आपलीच बाजू ठाऊक नाही त्याला दुसरी कितीही दाखवली तरी तो फक्त प्रेक्षक राहतो.

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले आणि तिथल्या हेरियट-वॉट महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकू लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांना 'ग्लोबल एक्स्पोजर' मिळाले. इंग्रजांच्या राज्यातील हिंदुस्थानच्या अवस्थेवर त्यांनी भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिस, रशियन क्रांतिकारकांकडून स्फोटकांच्या विद्येचे शिक्षण आणि १९०८ मध्ये परत येणे, हा भाग शाळेच्या पुस्तकातून सर्वांना परिचित आहे. आमचे लक्ष वेधते ते त्याच्या तेरा वर्षांनंतरचे पर्व. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधले जात होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या होत्या. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातील भातशेती पाण्याखाली जाणार होती आणि मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' अशी घोषणा देऊन सत्याग्रह सुरू केला. त्या सत्याग्रहाचे नेतृत्व बापटांनी केले आणि त्यातूनच ते सेनापती झाले.

परदेशात यंत्रविद्या शिकायला गेलेला माणूस धरणाविरुद्ध उभा राहिला, याचा अर्थ त्याने यंत्रविद्येला पाठ दाखवली असा काढणे सोपे आहे. आम्हांला तो अर्थ उथळ वाटतो. धरण कसे बांधतात हे ठाऊक नसलेल्यांचा तो अडाणी विरोध होता, असे निदान बापटांच्या बाबतीत म्हणता येत नाही. वीज हवी, गिरण्या हव्यात, मग भाताच्या खाचराची किंमत कोण ठरवणार आणि कुणाला विचारून, हा त्यांचा प्रश्न होता. या लढ्याचा सर्वांत साक्षेपी अभ्यास राजेंद्र व्होरा यांनी केला. प्रथम मराठीत आणि नंतर इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात पुण्यातील सावकार-जमीनमालकांचे हितसंबंध आणि मावळातील कुळांचे हितसंबंध कसे वेगळे होते, याची उकल आहे. मोबदला कुणाला मिळाला आणि जमीन कुणाची गेली, ही दोन वेगळ्या माणसांची यादी होती. १९२४ पर्यंत सत्याग्रह मोडून पडला, धरण झाले, आजही आहे. व्होरांनी इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पहिलेपणाच्या दाव्यांबाबत आम्ही सामान्यतः सावध असतो. पण नर्मदेच्या कितीतरी आधी, आणि जगात इतरत्र या विषयाची शास्त्रीय चर्चा सुरू होण्याच्याही कितीतरी आधी, विस्थापनाचा प्रश्न पुण्यापासून एका दिवसाच्या चालीवर मांडला गेला होता, याविषयी दुमत नाही.

पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी पावसाळ्यात मुळशीला जातात. धबधबे पाहतात, कणीस खातात, छायाचित्रे काढतात. त्यांच्यापैकी कितीजणांना हे पाणी कशावर उभे आहे ते माहीत असते? आणि हेच विद्यार्थी उद्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी गेले की 'सामाजिक परिणाम मूल्यमापन' या विषयात चीनच्या थ्री गॉर्जेसचे उदाहरण अभ्यासतात. आपल्या घराजवळचा शंभर वर्षांपूर्वीचा दाखला सांगून वर्गाला चकित करण्याची संधी त्यांच्या हातून निसटते.

महात्मा फुले यांचे नाव अभियांत्रिकीच्या संदर्भात सहसा निघत नाही. वास्तविक ते बांधकामाचे कंत्राटदार होते. पुणे परिसरातील सार्वजनिक बांधकामांशी त्यांचा व्यवसायाने संबंध होता. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यासाठी ते अमेरिकेला गेले नव्हते. दहा वर्षांनी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली, बंधारे आणि कालव्याच्या पाण्याचे वाटप यांविषयी त्यांनी केलेल्या सूचना वाचल्या की बांधकामाच्या जागेवर उभे राहिलेल्या माणसाची ती नजर आहे, हे कळते. मराठीच्या अभ्यासक्रमांत आपण फुल्यांना सुधारक आणि गद्यकार म्हणून शिकवतो, पाण्याचा विचार करणारा लेखक म्हणून क्वचितच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडे खानदेशात जाऊ. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून बंधारे बांधून पाटाने पाणी खेळवण्याची एक पद्धत होती. तिला फड पद्धत म्हणतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारणतः चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, दरवर्षी फेरपालट करायची. म्हणजे पाणीही एकाच हिशेबाने द्यायचे आणि प्रत्येकाला आलटून-पालटून ऊसही मिळायचा, भरडधान्यही. राखणीला जागल्या, पाणी द्यायला पाटकरी आणि बारेकरी, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. सरकारी पाटबंधारे खात्याची स्थापना होण्यापूर्वीची ही व्यवस्था आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे याच नाशिक-धुळ्याच्या भागात गेली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आणलेली ब्लॉक पद्धती आणि खानदेशातील फड यांच्यात साम्य दिसते. ते साम्य कितपत योगायोगाचे, हा एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल. विश्वेश्वरय्या १८९८ साली जपानला गेले आणि जपानची उदाहरणे पुढे त्यांच्या लेखनात येत राहिली. पण जपान पाहायला जाताना त्यांच्या गाठीशी नाशिक-धुळ्याचे पाट होते, ही गोष्ट आपण विसरतो.

आता फडाची दुसरी बाजू. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या एका दाराशी काळे अंगरखे घातलेली काही माणसे खुर्च्या मांडून बसतात. ते शेतकऱ्यांनी निवडून दिलेले पंच असतात. कालव्याच्या पाण्यावरून झालेल्या तक्रारी ते तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निवाडा देतात. वकील नाहीत, कागदपत्रांचे बाड नाही आणि सर्व कामकाज व्हॅलेन्सियन भाषेत. या जलन्यायालयाची परंपरा शतकानुशतकांची आहे आणि २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात तिचा समावेश केला. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक साधनसंपत्ती माणसे आपापसांत नियम करून शतकानुशतके टिकवू शकतात, हा त्यांचा सिद्धान्त. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात व्हॅलेन्सियाच्या कालव्यांना मोठे स्थान आहे.

साक्री तालुक्यातील एखादी मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीला जाते. तिच्या आजोबांना बारेकरी म्हणजे काय ते माहीत आहे. अभ्यासक्रमात ऑस्ट्रॉम आल्या, तर त्या परीक्षेपुरत्या येतील. फड कुठल्याच पानावर येणार नाही. तिच्या हाताशी असलेला दुवा जुळवून द्यायला वर्गात कुणी नाही. शिवाय तिला घरात ऐकलेले ते शब्द विद्येच्या क्षेत्रात आणण्याजोगे वाटत नाहीत. तिची नजर दुबळी असते ती याच ठिकाणी. इंग्रजी बोलताना अडखळणे हे त्या मानाने फार किरकोळ दुखणे आहे. दरम्यान वरच्या अंगाला धरणे झाली, शेतकऱ्यांचा बंधाऱ्यावरचा अधिकार सैल झाला आणि अनेक फड मोडकळीस आले. व्हॅलेन्सियाने आपले पंच अजून दाराशी बसवले आहेत.

कोयनेचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. फडाची जगाला फारशी खबर नाही. कोयना मात्र जगभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाहून अधिक होती आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. तो समज त्या पहाटे गेला. जलाशयात पाणी भरल्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाची चर्चा करताना चीनचे शिनफेंगज्यांग, झांबेझी नदीवरचे करिबा, ग्रीसचे क्रेमास्ता आणि आपले कोयना, ही चार नावे एकत्र घेतली जातात. धरणाच्या काँक्रीटच्या भिंतीला दोन्ही अंगांनी तडे गेले, नंतर तिचे मजबुतीकरण झाले. पण त्या दिवशी उपकरणावर उमटलेली जमिनीच्या हादऱ्यांची नोंद अमर झाली. काँक्रीटचे धरण भूकंपात कसे तडकते याचे गणित मांडणाऱ्या संगणकप्रणाली आपली अचूकता तपासण्यासाठी कोयनेचाच दाखला वापरतात. सोलच्या किंवा झुरिकच्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर कोयनेची भिंत उभी राहते. जागेवर जाऊन पृथ्वीच्या पोटात डोकावण्याचा प्रयोगही झाला आहे: गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे विवर २०१७ साली पूर्ण झाले आणि त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ आहे.

कराडलाच १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे जगाने ज्या ठिकाणाकडे पाहावे, त्या ठिकाणी आपले विद्यार्थी बसलेले आहेत. आणि तरी एक गोष्ट संगणकाच्या त्या पडद्यावर येत नाही. धरणासाठी उठवलेली कोयना खोऱ्यातील गावे राज्याच्या इतर जिल्ह्यांत पांगली आणि त्यांतील कित्येक कुटुंबे पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी एकविसाव्या शतकातही रस्त्यावर येत राहिली. हे कुठल्याही समीकरणात बसत नाही. कादंबरीत बसते. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, तेव्हा तिची चर्चा ग्रामीण कादंबरीच्या परंपरेत झाली आणि ते स्वाभाविकच होते. पण धरणग्रस्तांचे पुनर्वसन कार्यालयातून कार्यालयात कसे जिरते, मोजणी, नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन यांच्या साखळीत माणूस कसा भरडला जातो, याचे इतके तपशीलवार चित्रण मराठीत दुसरे नाही. आमच्या मते ती कादंबरी एम. ए.च्या वर्गाइतकीच जलसंपदा अभियांत्रिकीच्या वर्गाची आहे. कलात्मक दोष तिच्यात आहेत. खलपात्रे जरा ठळक आहेत, विस्तारही सैल आहे. त्या दोषांसकट ती अभियंत्याने वाचावी.

साहित्य आणि अभियांत्रिकी यांचा असा संबंध जोडणे काहींना ओढूनताणून आणलेले वाटेल. त्यांच्यासाठी कॅनडाचा एक दाखला. २९ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेकचा पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. पुलाचे स्वतःचे वजन किती भरेल याचा अंदाज चुकला होता. मुख्य सल्लागार न्यूयॉर्कमध्ये बसून होते आणि काम थांबवावे हा त्यांचा निर्णय जागेवर पोचलाच नाही. मेलेल्यांपैकी ३३ जण काह्नवागे या एकाच मोहॉक वस्तीतले होते. १९१६ साली पुन्हा मधला भाग उचलताना पडला आणि आणखी १३ माणसे गेली. पुढे हॉल्टेन नावाच्या अभियंत्याच्या मनात आले, की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अभियंत्याला आपल्या जबाबदारीची जाणीव करून देणारा एखादा विधी असावा. तो लिहून द्यायला १९२२ साली त्याने कुणाला विचारावे? रुडयार्ड किपलिंगला, म्हणजे मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या लेखकाला. १९२५ पासून कॅनडातील अभियंते तो विधी करतात आणि कामाच्या हाताच्या करंगळीत एक साधी लोखंडी अंगठी घालतात. ती अंगठी कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, अशी दंतकथा आहे. ती खरी नाही. किपलिंग हा साम्राज्याचा कवी, आणि त्याने लिहिलेल्या त्या विधीच्या भाषेवर अलीकडच्या वर्षांत कॅनडातल्याच अभियंत्यांनी आक्षेप घेतले आहेत. ते घ्यायलाच हवेत. पण शपथेतल्या शब्दांवरून अभियंत्यांनी आपापसांत वाद घालावा, या गोष्टीचा आम्हांला हेवा वाटतो.

आपल्याकडे शब्द कमी आहेत असे नाही. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. अभियांत्रिकीच्या पदव्यांना परस्पर मान्यता देण्यासाठी १९८९ साली सहा देशांनी केलेला हा करार आहे. त्याच्या अनुषंगाने पदवीधराच्या अंगी कोणते गुण असावेत याची यादी महाविद्यालयांच्या भिंतींवर लागली. त्या यादीत अभियंता आणि समाज आहे, पर्यावरण आहे, नीती आहे, संवाद आहे. यादी चांगली आहे. पुढे काय होते ते मात्र पाहण्यासारखे आहे. संवाद म्हणजे इंग्रजीत मुलाखत देणे. समाज म्हणजे एक पाहणी आणि तिचा अहवाल. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात राज्यघटना आणि पर्यावरणशास्त्र हे विषय सक्तीचे झाले, पण विनाश्रेयांक. ज्याला श्रेयांक नाही त्याला विद्यार्थी काय किंमत देतो, हे कोणत्याही अध्यापकाला वेगळे सांगावे लागत नाही. तुलनेची शक्ती अशी सक्तीने आणि फुकट येत नसते.

२०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याला परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्याचे आम्ही स्वागत करतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यापूर्वीच तयार होते. आता त्यांना गिऱ्हाईक लाभेल. तरीही आमची एक शंका आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे मराठी भाषांतर केले, की त्यातली उदाहरणेही तशीच भाषांतरित होऊन येतात. नदी थेम्स असते, पूल टॅकोमाचा असतो. टॅकोमाचा पूल शिकवू नये असे नव्हे, तो शिकवलाच पाहिजे. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे वाहून गेले, हा धडा मराठीतल्या अभियांत्रिकीत नसेल, तर माध्यम बदलून काय साधले? उलट एखादा अध्यापक इंग्रजीतून शिकवताना पानशेत, कोयना आणि क्वेबेक एका तासात फळ्यावर मांडील, तर तो वर्ग अधिक मराठीही असेल आणि अधिक जागतिकही.

मराठी विभागांकडे वळायचे तर तिथे निराळा अडसर आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपण विज्ञानकथेवर एक चर्चासत्र घेतो आणि थांबतो. प्रवासवर्णनाच्या पेपरात 'अपूर्वाई' शिकवतो, ते योग्यच. पण अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, ते वाङ्मयप्रकाराच्या टिपेत एका ओळीत येते. शाळेची पायरी जेमतेम चढलेला, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणारा लेखक मॉस्को पाहतो तेव्हा त्याच्या नजरेत वाटेगावही असते आणि मुंबईची गिरणीही. ग्लोबल सिटिझनची व्याख्या शोधणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आमची सूचना फार मोठी नाही. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक बांधकाम निवडावे: धरण, पूल, बंधारा, पाणीपुरवठा योजना, बंद पडलेली गिरणीसुद्धा चालेल. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी त्याचे गणित करावे, त्याच्या आसपासच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून ते मराठीत लिहावे, त्याविषयी मराठीत जे काही आधी लिहिले गेले आहे ते वाचावे आणि जगात अन्यत्र असेच काय घडले ते इंग्रजीतून शोधून शेजारी ठेवावे. जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाने हे लेखन तपासावे. या कामाला चार श्रेयांक द्यावेत, दोनही चालतील, शून्य मात्र नको. काही ठिकाणी अशी बोलणी आम्ही करून पाहिली. दोन्हीकडच्या अध्यापकांची तयारी असते, विद्यार्थ्यांचीही असते. गाडी अडते ती कार्यभाराच्या तक्त्यावर: मराठीच्या माणसाने तपासलेल्या वह्यांचे तास कोणत्या विभागाच्या खाती लिहायचे, हे कुणाला सांगता येत नाही. हा प्रश्न अभ्यास मंडळांच्या एका संयुक्त बैठकीत सुटण्याजोगा आहे आणि नव्या श्रेयांक चौकटीत आंतरविद्याशाखीय विषयांना जागाही ठेवलेली आहे.